पडला, नऊ चाळीस

आमच्या घरात कंप्युटर बंद पडला की आधी सुनेकडं बघायचं आणि मग कंप्युटरकडं, अशी पद्धत पडली होती. चार महिने ती चालली. त्या चार महिन्यांचा मला अजून राग येतो. तो कुणा एकावर नाही. थोडा माझ्यावरही आहे, ते पुढं सांगते.

मी चौथी शिकलेली. घड्याळ कळतं, पेपर वाचता येतो, कॅलेंडरावर गाय कधी भरवली आणि कधी व्यायची ते लिहिता येतं. कंप्युटर मला चालवता येत नाही आणि शिकायचाही नाही. पण एखादी गोष्ट पुन्हापुन्हा पडायला लागली तर ती का पडते हे शोधायला तिच्यावर बसता यावं लागत नाही. बैल मला कधी हाकता आला नाही, तरी लंगडतोय कुठल्या पायानं ते कळायचं.

आमची वस्ती मांडवगण फराट्याच्या अलीकडं, भीमेच्या काठाला. भीमा ओलांडली की दौंड तालुका. सासरे मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे, मीही दहा वर्षं त्यांच्यामागं चालले. आता मेंढरं नाहीत. चार एकर ऊस-कांदा आहे, दोन गाई आहेत. मुलगा रांजणगावला कंपनीत शिफ्टला जातो. सून यवतची, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. सोयरीक जमवताना मला कुणी सांगितलं नव्हतं की हिला भाकरी येत नाही. अजूनही तिची भाकरी कडेला जाड असते. मी तिला कधी चांगलं म्हटलेलं नाही आणि इथंही म्हणणार नाही. पण ड्रॉइंग तिला येतं.

ड्रॉइंग म्हणजे कारखान्यात जे लोखंडाचे भाग बनतात त्यांची मापांसकट चित्रं. कुठं भोक, किती रुंद, किती खोल. कुरकुंभच्या एका वर्कशॉपचा मालक ही चित्रं घरी बसून करून घ्यायचा. नात दोन वर्षांची असताना सुनेनं ते काम मिळवलं. नातीला मी धरायची आणि ही खोलीचं दार लोटून कंप्युटरपुढं बसायची. मालकानं सुरुवातीलाच सांगितलं होतं, "ताई, वेळेवर फाईल आली पाहिजे. माझं मशिन तुमच्या फाईलीसाठी थांबत नाही." आणि मुलानं सांगितलं होतं, "हे काम टिकलं तर टिकलं. न्हाई टिकलं तर कंप्युटर इकायचा आन् शेतात यायचं." त्यामुळं तिचं काय पणाला लागलं होतं हे आम्हा तिघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कंप्युटर जुना घेतलेला. श्रावणात मोठी ड्रॉइंगं यायला लागली तेव्हा तो हळू चालायला लागला, म्हणून मुलानं दौंडच्या दुकानात नेऊन त्यात एक नवीन रॅम बसवून आणली. रॅम म्हणजे बोटाएवढी रुंद, वीतभर लांब हिरवी पट्टी. आधी एक होती, तिच्या शेजारी दुसरी बसवली. दुकानदारानं कंप्युटरच्या डब्याच्या मागच्या स्क्रूवर कागदाचा एक स्टिकर चिकटवला आणि सांगितलं, "हा फाटला तर वॉरंटी गेली. कुणी उघडायचा नाही."

त्यानंतर पितरांच्या पंधरवड्यात सासऱ्यांच्या तिथीला तो पहिल्यांदा पडला. मला दिवस आठवतो, कारण मी खीर-वडे करून पान वाढून बसलेली आणि कावळ्याला घास ठेवायला सून बाहेर येईना. मी दार ढकललं तर ही खुर्चीत बसून निळ्या पडद्याकडं बघत होती. वर इंग्रजी अक्षरं. मग पडदा काळा झाला आणि डबा आपोआप पुन्हा सुरू झाला. सकाळपासून केलेलं निम्मं काम गेलेलं.

"आत्या, मी काय बी न्हाई केलं. आपोआप गेलं."

मी म्हटलं, "पितरं उपाशी हायेत. ती आपोआप जेवत न्हाईत."

असं मी बोलले. आधी मीच बोलले.

मग तो रोज पडायला लागला. कधी दिवसातून तीनदा. मुलगा म्हणाला लाईट. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. दिवसाची असली की सगळ्या वस्तीच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातला बल्ब बारीक होतो. तेव्हा कंप्युटर पडत असणार, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं. पण पटलं म्हणजे खरं नव्हे. मी कॅलेंडरावर लिहायला लागले. गाईच्या तारखांच्या शेजारी, बारीक अक्षरात. पडला, नऊ चाळीस, मोटारी चालू. पडला, बारा वाजता, मोटारी बंद. पडला, चार दहा, मोटारी बंद, बल्ब चांगला. पंधरा दिवस लिहिलं. मोटारींचा आणि पडण्याचा काही संबंध नव्हता.

दुसरी एक गोष्ट मात्र दिसली. नात त्याच्यावर कार्टून बघत असली की तो दोन-दोन तास पडायचा नाही. सून चिठ्ठीएवढं बारकं ड्रॉइंग करायची तेव्हाही नाही. मोठं, सतरा भागांचं ड्रॉइंग उघडलं की अर्ध्या तासात पडायचा. मी मुलाला कॅलेंडर दाखवलं.

तो म्हणाला, "आये, तू आता विंजिनेर झाली का?"

"न्हाई. पर तू बी न्हाईस," मी म्हटलं. "जी झालीये तिला इचार की कवा तरी."

त्यानं विचारलं नाही. डबा गोणीत घालून मोटरसायकलवर दौंडला नेला. संध्याकाळी घेऊन आला. दुकानदार म्हणाला व्हायरस आहे, वहिनी काहीबाही डाउनलोड करत असतील. फॉरमॅट मारला. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यानं भरणं. सुनेनं दीड महिन्याची ड्रॉइंगं पेन ड्राइव्हवर ठेवली होती म्हणून वाचली, चार दिवसांची गेली. दुकानदारानं मुलाच्या समोर तासभर गाणी लावून दाखवली होती. चालतोय की, म्हणाला.

गाण्यांवर तो आमच्या घरीही चालत होता. हे मी मुलाला आधीच सांगितलं होतं. बैल मोकळा हिंडताना लंगडत नसेल आणि जू ठेवल्यावर लंगडत असेल तर त्याला जू ठेवून बघावं लागतं. एवढं त्या दुकानदाराला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्याला कळून घ्यायचं नव्हतं. पुसून दिलं की गिऱ्हाईक आठ दिवस गप्प बसतं.

आठ दिवसही गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी पडला.

आता माझी गोष्ट.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते. कोयता, कुऱ्हाड, विळे, पाण्याची मोटार, मोटरसायकल, आणि सासऱ्यांची लोकर कातरायची कात्री. ज्यानं घर चालतं ते सगळं. त्या वर्षी मी म्हटलं, कंप्युटरही मांडा. सून म्हणाली, "आत्या, कुंकवाचं बोट लावा, पर भंडारा नका टाकू. आत पंखा असतो, तो वढून घेतो."

मी हो म्हटलं. पूजा झाली. ही पुरणाकडं गेली. मी एकटी उभी होते आणि मला वाटलं, बोटभर कुंकवानं काय होतंय. कोयता तर काही कुणी बिघडवत नाही, बिघडतोय हाच. याला खंडोबाची जास्त गरज. मी मूठ भरली, येळकोट म्हटलं आणि डब्याच्या जाळीवर भंडारा उधळला. पंखा सुरूच होता. पिवळी धूळ आत गेली ती मी डोळ्यांनी पाहिली. बाहेरची पदरानं पुसून घेतली आणि गप्प बसले.

दसऱ्यानंतर दिवाळी गेली, संक्रांत आली, तो पूर्वीसारखाच पडत राहिला. कमी नाही, जास्त नाही. पण एका मोठ्या ड्रॉइंगला दोन दिवस उशीर झाला, कुरकुंभहून मालकाचा चढलेल्या आवाजात फोन आला, आणि मुलानं पुन्हा डबा दौंडला नेला. या वेळी सुनेलाही नेलं आणि मी नातीला घेऊन मागोमाग गेले, कारण मला त्या दुकानदाराचं तोंड बघायचं होतं.

दुकान बाजारपेठेत. काचेचं काउंटर, मागं फळीवर उघडे डबे. त्यानं आमचा स्टिकर स्वतः सोलला, पत्रा काढला, डबा आडवा केला आणि पंख्याला बोट लावलं. बोट पिवळं झालं. त्यानं ते बोट सगळ्या दुकानाला दाखवलं.

"हे बघा! अहो, कंप्युटर हाय का जेजुरीची पायरी? हळद-कुंकू कार्यक्रम केला का याच्यात?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघेही हसले. एक म्हणाला, "थोडं मीठ टाका वहिनी, भाजी व्हईल."

मुलाचा चेहरा लाल झाला. तो सुनेला म्हणाला, "अक्कल गहाण ठिवली का? एवढी शिकलीस ती ह्याच्यासाठी?"

सून आतल्या पिवळ्या धुळीकडं बघत राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिला ठाऊक होतं. घरात भंडारा टाकणारं दुसरं कोण होतं? तिनं नाव घेतलं असतं तर ते तिथंच संपलं असतं. तिनं घेतलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. नातीची टोपी नीट करत उभी राहिले. कात्रीवर, कोयत्यावर भंडारा टाकणारी मी, मला त्या चार हसणाऱ्या माणसांची लाज वाटली. याचा राग मला आजही सगळ्यात जास्त येतो.

दुकानदारानं हवेच्या पंपानं धूळ उडवली, पुन्हा फॉरमॅट मारला, एक वायर बदलली, पंखा बदलला, नवीन स्टिकर लावला. सगळं एकदम. म्हणाला, आता बघायलाच नको.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी पडला. दहा वीस. मी कॅलेंडरावर लिहिलं. आत भंडाऱ्याचा कण नव्हता. मग भंडाऱ्यानं पडत नव्हता. मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. मला संताप आला. कारण आता खरं काय ते सांगायला मी मोकळी होते आणि तरी माझी जीभ उचलत नव्हती.

त्याच संध्याकाळी मालकाचा फोन आला. सून गोठ्यात होती. फोन मुलानं घेतला. मी चुलीपाशी ऐकत होते.

"व्हय साहेब. न्हाई साहेब. तिच्याच्यानं न्हाई व्हायचं ते. तुम्ही दुसरं कुणी बघा."

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. सून दारात शेणाचे हात घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती आत आली, हात धुतले, भाकऱ्या थापायला बसली. रडली नाही. रडली असती तर कदाचित मी तिलाच काहीतरी बोलले असते. ती भाकऱ्या थापत होती, तशाच जाड कडेच्या, आणि मला एकदम कळलं की ही आता आयुष्यभर हेच वाईट करत बसणार आणि जे हिला चांगलं येतं ते हिला कुणी करू देणार नाही.

सकाळी मुलगा शिफ्टला गेला. मी तिला म्हटलं, "डबा उघड."

"स्टिकर हाय, आत्या. वॉरंटी जाईल."

"त्या वॉरंटीनं आपलं काय भलं केलं आतापातूर?" मी नखानं स्टिकर फाडला. "उघड आन् मला एकेक सांग काय काय हाय आत."

आमच्या सासऱ्यांची एक रीत होती. एका साली मेंढरं पडायला लागली. धडधाकट मेंढरू चरता चरता आडवं व्हायचं. कुणी म्हणालं पाणी, कुणी म्हणालं चारा, कुणी म्हणालं वाटेतल्या म्हसोबाचा मान राहिला. सासऱ्यांनी मेंढरांची खांड दोन भागांत केली. एक भाग या रानात, एक त्या रानात. पाणी दोघांनाही एकाच ठिकाणी पाजलं. पाच दिवस बघितलं, एकाच बाजूची पडली. मग त्या बाजूची इकडं आणली आणि इकडची तिकडं नेली. मग आधी धड असलेली पडायला लागली. म्हणजे मेंढरांत खोट नव्हती, रानात होती. बांधाला कसलं तरी झुडूप होतं. ते म्हणायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रान बदललं तर पाणी बदलायचं नाही, नाहीतर गुण कशानं आला ते कळत नाही. दुकानदारानं एकदम चार गोष्टी बदलल्या होत्या. त्याला कळणार काय?

सुनेनं दाखवलं. हा पंखा, हा बोर्ड, ही हार्ड डिस्क, ह्या दोन रॅम.

"यात जोडीनं काय हाय?"

"रॅमच. ही जुनी, ही श्रावणात टाकलेली."

"एक काढ. नवी काढ."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग एका बोटानं कडेची खिट्टी दाबली, पट्टी वर आली. तिच्या तोंडावर असं काही आलं की तिला हे आधीच सुचलं होतं आणि कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं, "तुला ठाऊक व्हतं?"

"वाटत व्हतं. पर ह्यांनी शपथ घातली व्हती उघडू नको म्हणून."

पुन्हा कंप्युटर लावला. सतरा भागांचं ड्रॉइंग उघडलं. हळू चालत होता, गाढवासारखा, पण चालत होता. दुपार झाली, पडला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. चार दिवस कॅलेंडर कोरं. पाचव्या दिवशी मी म्हटलं, आता जुनी काढ आणि नवी एकटी घाल. त्याच खाचेत, जुनी होती तिथंच. तिनं घातली. तेच ड्रॉइंग. मी घड्याळ घेऊन बसले. अकरा मिनिटांत निळा. पुन्हा लावलं, सहा मिनिटांत निळा. तिसऱ्यांदा तर नीट सुरूच झाला नाही.

सून हसायला लागली. चार महिन्यांत तिला हसताना पाहिलं नव्हतं. "आत्या, बेणं हेच हाय!"

मग तिनं मोबाइलवर बघून एक तपासणीचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेतला. तो कंप्युटर सुरू होतानाच चालतो आणि फक्त रॅम तपासतो. जुनीवर चालवला, दोन तास काही नाही. नवीवर चालवला आणि पडद्यावर खालपर्यंत लाल ओळी आल्या. एकेक ओळ म्हणजे एकेक चूक. नवीन पट्टी मुळातच खराब होती, आली तीच खराब. बारक्या कामाला तिचा खराब भाग लागत नव्हता, मोठ्या ड्रॉइंगला लागायचा.

दुसऱ्या दिवशी शेजारणीकडं नातीला ठेवून आम्ही दोघी एसटीनं दौंडला गेलो. पट्टी कागदात गुंडाळून जेवणाच्या डब्यात, पेन ड्राइव्ह सुनेच्या पर्समध्ये.

दुकानदार म्हणाला, "या आजी! आज काय, गुलाल टाकला का?"

मी जेवणाचा डबा उघडून काउंटरवर ठेवला. "ही तुझी रॅम. खराब हाय. बदलून दे."

त्यानं पट्टी उचललीही नाही. "स्टिकर फाडला ना? मग वॉरंटी न्हाई."

"तुझा स्टिकर तूच एकदा फाडला व्हतास. तवा न्हाई गेली वॉरंटी?"

"मी दुकानदार हाय."

"मग दुकानदारासारखं तपासायचं व्हतं."

तो सुनेकडं वळला, जरा गोड आवाजात. "वहिनी, रॅम न्हाई हो जात. तुमचा बोर्ड जुना हाय. त्याच्यात कुठली बी टाका, असंच व्हणार."

सून म्हणाली, "मग तुमच्या बोर्डात टाका."

"आं?"

"तुमच्या ह्या कंप्युटरमधी टाका. पेन ड्राइव्ह मी आणलाय."

तो बिलं काढायचा कंप्युटर होता. तो म्हणाला, आज गर्दी आहे. मी गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले. म्हटलं, गर्दी सरंपर्यंत बसते, आमची एसटी पाचला आहे. बसल्या बसल्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले, रॅम घेत असाल तर इथं तपासून घ्या बरं, आमची आली तीच मेलेली. तिसऱ्या माणसाला सांगितल्यावर त्यानं पत्रा उघडला.

त्याची काढून आमची बसवली. सुनेनं पेन ड्राइव्ह लावला. आम्ही सगळे पडद्याकडं बघत उभे. सात-आठ मिनिटं काही नाही. तो म्हणाला, "बघा, म्हटलं नव्हतं..." आणि लाल ओळी सुरू झाल्या. त्याचा बोर्ड, त्याची लाईट, त्याचं दुकान.

मग त्यानं शेवटची पळवाट काढली. "भंडाऱ्यानं खराब झाली असंल. त्या दिवशी केवढी हळद निघाली व्हती वहिनींच्या कंप्युटरमधनं!"

दुकानात पुन्हा माणसं होतीच. मी उठून उभी राहिले.

"भंडारा हिनं न्हाई टाकला. मी टाकला. ही नको म्हणत व्हती तरी टाकला. त्याच्या शेजारची जुनी रॅम त्याच भंडाऱ्यात व्हती, ती ठणठणीत हाय. आन् हा पहिल्यांदा पडला तवा पितृपक्ष चालू व्हता, दसरा लांब व्हता. मी कॅलेंडरावर लिहिलेलं हाय. आता बोल."

त्यानं आतून एक नवीन पट्टी आणली. सून म्हणाली, "हिच्यावर बी चालवा." चालवली. तासभर आम्ही तिथंच बसलो. लाल काही आलं नाही. त्याच्याकडंही तो तपासणीचा प्रोग्रॅम होता, दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर, खणात. मला सुनेनं दाखवला. चार महिन्यांत त्यानं तो एकदाही बाहेर काढला नव्हता. वहिनी काहीबाही करतात म्हणणं त्याला सोपं होतं, आणि आमच्या घरातही ते ऐकायला माणूस तयार बसलेला होता.

मुलगा शिफ्टवरून आला तेव्हा मी त्याला चहाही दिला नाही. आधी सांगितलं. रॅमचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं, मग भंडाऱ्याचं सांगितलं.

तो म्हणाला, "तू टाकला? मग त्या दिवशी बोलली का न्हाईस?"

"भ्याले. तू ओरडत व्हतास आन् लोक हसत व्हते. तिनं माझं नाव घेतलं न्हाई, आन् तिला ओरडून घेऊ दिलं मी. चुकलं माझं." मी सुनेकडं बघून म्हटलं, कारण ते तिला म्हणायचं होतं, त्याला नव्हे. "आता तुझं चुकलंय ते तू निस्तर. फोन लाव त्या मालकाला."

"आता कसा लावू? त्यांनी दुसरं कुणी बघितलं असंल."

"बघितलं असंल तर तसं सांगतील. लाव."

"आये, बरं दिसतं का ते?"

"तिच्याच्यानं न्हाई व्हायचं, असं म्हणताना बरं दिसलं व्हतं का?"

त्यानं लावला. मी स्पीकरवर टाकायला लावला. तो अडखळत म्हणाला, "साहेब, मी त्या दिवशी बोललो ते... मशिनीत बिघाड व्हता. रॅम खराब व्हती. तिची चूक नव्हती." शेवटचं वाक्य मीच हातानं खूण करून बोलायला लावलं.

मालक म्हणाला, "मी दिलं ना राव काम दुसऱ्याला." मग म्हणाला, "ताई आहेत का तिथं?" सून पुढं झाली. "ताई, एक पंपाचं कव्हर आहे. शनिवारी पाहिजे. जमलं तर पुढचं बघू. नाही जमलं तर पुन्हा फोन करू नका."

ती तीन दिवस बसली. मी भाकऱ्या केल्या, त्यामुळं त्या तीन दिवसांत घरात भाकरी धड मिळाली. मुलानं एकदाही दार उघडून विचारलं नाही की चालतोय का. विचारायची त्याला आता भीती वाटत होती, आणि ती मला चांगली वाटली. कंप्युटर पडला नाही. शुक्रवारी दुपारी तिनं फाईल पाठवली.

शनिवारी सकाळी उत्तर आलं. तिनं वाचलं आणि तिचं तोंड उतरलं. मला वाटलं गेलं काम.

"काय म्हणतोय?"

"एका भोकाचं माप चुकलंय. बारा पाहिजे, मी दहा टाकलंय."

"मशिनीनं टाकलं का तू?"

"मीच, आत्या. घाईत टाकलं."

"मग दुरुस्त कर," मी म्हटलं, "आन् त्याला सांग माझं चुकलं म्हणून."

ती बसली, माप बदललं, पुन्हा पाठवलं. तासाभरानं मालकाचा फोन आला की बरोबर आहे, सोमवारी दोन ड्रॉइंगं पाठवतो. मुलगा अंगणात मोटरसायकल पुसत होता. तिनं त्याला काही सांगितलं नाही. मला सांगितलं आणि नातीला माझ्या मांडीवर ठेवून पुन्हा आत गेली.